पेनाचं टोपण

"मॅडम, तुमच्या निबंधाला दुसरा नंबर आला."

अकरावीतली एक मुलगी हे मला सांगून गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ती टोमणा मारत नव्हती. आनंदानं सांगत होती, पेढेही आणले होते. निबंध तिचा, स्पर्धेत भाग घेतला तिनं, प्रमाणपत्रावर नाव तिचं. पण आदल्या पंधरवड्यात ती वही घेऊन आली तेव्हा मी लाल पेन काढलं होतं, आणि पाऊण तासानं तिच्या दोन पानांत तिची म्हणावीत अशी चार वाक्यं उरली होती. सुरुवात मी बदलली, शेवट मी लिहिला, मधला परिच्छेद बाण काढून वर नेला. ती बिचारी मान डोलवत होती. पेढा तोंडात असताना माझ्या लक्षात आलं की दुसरा नंबर खरोखरच माझा आला आहे. पुन्हा ती वही घेऊन आली नाही.

तुमच्याकडेही कुणीतरी वही घेऊन येत असेल आणि म्हणत असेल, "जरा बघाल का?" तुम्ही शिक्षक असाल, निवृत्त झालेले असाल, बी.एड. करत असाल, वाचनालयात हौसेनं बसत असाल, किंवा दहावीतल्या मुलाची आई असाल. लिहिणाऱ्याला मदत कशी करायची हे आपल्याला कुणी धड शिकवलेलं नसतं. तपासायचं कसं ते शिकवलेलं असतं. ती गोष्ट वेगळी. आणि ही मदत पुस्तक वाचून येत नाही (लेख वाचूनही नाही, हे माझ्या पोटावर पाय देणारं असलं तरी सांगून टाकते). आधी दुसऱ्याची बघावी लागते, मग कुणीतरी बघत असताना आपण करावी लागते.

आपल्या रत्नागिरीत तर याची गरज आहेच. कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं आणि २०१२पासून त्याच्या परीक्षा सुरू झाल्या, तेव्हापासून दहावीच्या निकालात आपण राज्यात पुढं. २०२४चा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के. अभिमान वाटतोच. पण मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण असतात, आणि त्या २४ गुणांसाठी काय चालतं ते घराघरांत ऐकू येतं. संध्याकाळी दिवे लागले की 'मी नदी बोलतेय' हे आत्मवृत्त घडाघडा पाठ म्हणून दाखवणारी मुलं. घरामागून पऱ्या वाहतो, पण वहीतली नदी गाईडमधली.

पेढ्याच्या प्रकरणानंतर मी एका बाईंकडे गेले. तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि खालच्या आळीतल्या आपल्या घराच्या पडवीत दर शनिवारी दुपारी साडेतीनला बसत. लिहिणारं कुणीही यावं. त्या काही क्लास चालवत नव्हत्या, पाटी नव्हती, फी नव्हती. मी म्हटलं, "मी तुमच्याबरोबर बसू का? मला शिकायचंय." त्या म्हणाल्या, "बस. पण सहा शनिवार तोंड उघडायचं नाही."

सहा शनिवार. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. सहा नाही जमले तर चार तरी. आणि बसताना बी.एड.चं पाठनिरीक्षण डोक्यातून काढून टाका. तिथं आपण शेवटच्या बाकावर बसून शिकवणाऱ्याकडे बघतो: प्रस्तावना झाली का, फलकलेखन कसं, उद्दिष्टं साधली का. रकान्यात खुणा करतो. इथं बघायचं ते लिहिणाऱ्याकडे. त्याचा हात कुठं थांबतो, वाचताना कुठं आवाज बारीक होतो, कुठल्या प्रश्नाला तो वहीतून मान वर करतो. मी वहीचं पान मधोमध उभं दुमडायची. डावीकडे कोण किती बोललं त्याच्या नुसत्या रेघा, उजवीकडे मुलाचे हात, डोळे, आवाज. पहिल्या शनिवारी घरी येऊन मोजलं तर बाईंच्या रेघा नऊ आणि मुलाच्या एकतीस. माझ्या स्वतःच्या बैठकीत हे प्रमाण नेमकं उलटं असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बसायची जागाही महत्त्वाची. मदत करणाऱ्यानं समोर बसू नये; समोर बसलं की ती तोंडी परीक्षा होते. बाजूला बसावं, आणि वही मुलाच्या पुढ्यात, आपल्या नव्हे. बघणाऱ्यानं तिरकं मागं बसावं, मुलाचा चेहरा दिसेल पण आपली वही त्याला दिसणार नाही असं. आणि आधी विचारावं: "या ताई बसल्या तर चालेल का रे तुला?" मुलं नाही म्हणत नाहीत सहसा, पण विचारलं की सैलावतात.

आता एक बैठक सविस्तर सांगते, कारण मी जे शिकले त्यातलं निम्मं त्या एका दुपारी शिकले.

नववीतला मुलगा, पावसच्या बाजूचा. शाळेच्या हस्तलिखितासाठी 'पावसाळा' लिहून आणलं होतं. बाईंनी वही हातात घेतली नाही. "वाच," म्हणाल्या. आपल्या हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, सहज हात पोचणार नाही इतकं लांब ठेवलं. हे मी तेव्हा पाहिलं, पण लिहून घेतलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा तसंच केलं तेव्हा लिहिलं.

मुलानं वाचलं. ग्रीष्माच्या दाहानं तापलेली धरती, सरी कोसळू लागल्या, सृष्टीनं हिरवा शालू परिधान केला, बळीराजा सुखावला. एका दमात वाचून झालं. शालूपाशी आवाज जरा चढला होता. ते वाक्य त्याला आवडत होतं.

बाई काही बोलल्या नाहीत. मी घड्याळाकडे बघत होते: अकरा सेकंद. अकरा सेकंद म्हणजे किती, हे एकदा घरी घड्याळ लावून बघा. तिसऱ्या सेकंदाला जीव वरखाली होतो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात पहिल्यांदा कुठं गळतं?"

मुलानं मान वर केली. "ओटीवर. कोनवासाच्या खाली."

"मग?"

"मग आई पातेलं ठेवते. आधी छोटं, मग मोठं. रात्री आवाज येतो त्याचा. बाबा म्हणतात उद्या कौलं फिरवतो, पण ते पावसाच्या आधी फिरवायला पाहिजेत ना, पावसात वर चढलं तर फुटतात." तो थांबला. "पातेलं भरलं की आवाज बदलतो. झोपेत पण कळतं मला, आता उठून ओतायला पाहिजे."

"हे लिहिलंस का?"

"हे?" तो हसला. "हे काय निबंधात लिहितात?"

बाईंनी पेन उचललं नाही. मी त्यांच्या जागी असते तर आत्तापर्यंत 'भरलेल्या पातेल्याचा बदललेला आवाज' हे कागदावर उतरवून, वर त्याला दोन विशेषणं लावून मोकळी झाले असते. त्या म्हणाल्या, "मला आत्ता सांगितलंस तसंच लिही. दहा मिनिटं. मी चहा ठेवते." आणि खरोखरच आत गेल्या. ही आत जाण्याची युक्तीही वहीत टिपून ठेवण्यासारखी आहे: डोक्यावर कुणी उभं असलं की कुणाला लिहिता येतं?

चहा झाला तेव्हा पाऊण पान भरलं होतं. मजा पुढं आहे. शेवटी त्यानं शालू ठेवलाच. पातेल्याच्या आवाजानंतर दोन ओळी सोडून सृष्टीनं हिरवा शालू परिधान केला. मला वाटलं, आता बाई तो काढायला लावणार. नाही लावला. मुलगा गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला आवडतो तो शालू. पुढल्या वर्षी त्याचा तोच काढेल. आणि नाही काढला तर नाही काढला."

बैठक झाल्यावरची ही पंधरा मिनिटं सोडू नका. बघणाऱ्यानं मदत करणाऱ्याला विचारावं, पण 'हा प्रश्न कसा सुचला?' असं नव्हे. त्याला काही उत्तर नसतं. विचारावं, 'तिथं बोलला का नाहीत?' कुठं काय सोडून दिलं, हे बघणाऱ्याला दिसत नाही, आणि कसब तिथंच असतं. व्याकरणाच्या पाच चुका बाईंच्या कानावर आल्याच होत्या. त्यांनी त्या दिवशी एकही काढली नाही.

आपल्याकडे हे अगदी नवं आहे असंही नाही. सत्यकथा मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना पत्रं लिहीत, कथा कुठं अडली ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. सत्यकथा १९८२ साली बंद पडली. 'साभार परत'च्या आठवणी अजून निघतात आणि त्या पत्रांच्याही. लक्षात घेण्यासारखं हे, की कथा पुन्हा लिहायची ती लेखकानं, संपादकानं नव्हे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३४ साली लेखनाची प्रयोगशाळा निघाली आणि पुढं बहुतेक विद्यापीठांत लेखनकेंद्रं झाली. १९७०च्या दशकात ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनाच विद्यार्थ्यांच्या मदतीला बसवलं. १९८४ साली स्टीफन नॉर्थ नावाच्या प्राध्यापकांनी एका लेखात मांडलं की या केंद्रांचं काम हातातला लेख सुधारून देणं नव्हे, लिहिणारा सुधारणं हे आहे. तो लेख मी पुष्कळ नंतर वाचला. वाचताना पडवीतला चहा आठवला.

मोठ्या मुलानं धाकट्याला शिकवणं तर आपल्या पंतोजींच्या शाळेतलंच. धूळपाटीवर अक्षरं गिरवताना शेजारी थोरला विद्यार्थी असे. मद्रासेत असलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं वाळूत बोटानं अक्षरं काढणारी मुलं पाहिली आणि ती पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला नेली. तेव्हा कॉलेजातली मुलं-मुली नववी-दहावीच्या मुलांशेजारी बसवायला कचरू नका. माझा अनुभव असा, की वीस वर्षांच्या मुलासमोर चौदा वर्षांचा मुलगा चुकायला भीत नाही. आमच्यासमोर भितो.

आणखी एक गोष्ट बघण्याच्या काळातच सुरू करायची: स्वतः लिहायचं. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, पालगडचे. १९२४पासून ते अमळनेरच्या शाळेत होते, छात्रालय त्यांच्याकडे होतं, आणि तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. रोज. मुलं सकाळी ते वाचत. मुलांना 'लिहा' म्हणणारा माणूस रात्री स्वतः बसून लिहितो, हे मुलांना दिसत होतं. रोजचं दैनिक आपल्याच्यानं होणार नाही, मान्य. पण महिन्यातून एक पान लिहा आणि ते दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. कोरा कागद समोर घेऊन पोटात कसा गोळा येतो, आणि आपलं वाचून झाल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आपण कसं बघतो, याची आठवण ताजी राहिली पाहिजे. ज्याला ती राहत नाही तो लाल पेन काढतो.

आता तुमची पहिली बैठक.

वेळ पंचेचाळीस मिनिटं ठरवा आणि मुलाला आधीच सांगा. सुरुवातीला विचारायचं ते लेखनाबद्दल नव्हे, कामाबद्दल: हे कशासाठी लिहितोयस, कधी द्यायचंय, कोण वाचणार? उद्याच द्यायचं असेल तर बैठक वेगळी, महिना हातात असेल तर वेगळी. मग, "तुला स्वतःला यात कुठं खटकतंय?" बहुतेक मुलं "शुद्धलेखन" म्हणतात, कारण आजवर त्यांना तेवढंच खटकवलं गेलं आहे. ऐकून घ्या, मान डोलवा, आणि वाचायला सांगा.

मोठ्यानं वाचणं सोडायचं नाही. "तुम्हीच मनात वाचा ना" म्हणणारी लाजरी मुलं असतात. त्यांना सांगा, मी भिंतीकडे बघते, तू वाच. स्वतःचं वाक्य तोंडात अडखळलं की मूल स्वतःच थांबतं आणि म्हणतं, "हे जरा..." तुमचं निम्मं काम तिथंच होतं. ते 'हे जरा...' पुरं करायला मात्र धावू नका.

वाचून झाल्यावर पहिल्यांदा तुम्हाला काय दिसलं ते सांगा. कौतुक वेगळं. 'छान लिहिलंयस' यातून मुलाला काही कळत नाही. 'मला ती जेटी दिसली, पण तुझे बाबा दिसले नाहीत' यातून कळतं. हे मी मिरकरवाड्याच्या एका मुलीला म्हटलं होतं. तिनं मासेमारीवर लिहिलं होतं: १ जून ते ३१ जुलै बंदी असते, माशांच्या पैदाशीचा काळ असतो, पर्यावरणाचा समतोल राखला पाहिजे. सगळं बरोबर. एकही चूक नाही, आणि एकही माणूस नाही. मी विचारलं, "त्या दोन महिन्यांत बाबा दिवसभर काय करतात?" ती म्हणाली, "जाळी तुणतात. आणि चिडचिड करतात." पुढं तिनं जे लिहिलं त्यात बंदीची कारणं तशीच राहिली, पण दारात पसरलेल्या जाळ्यावरून उडी मारून शाळेला जाणारी ती स्वतःही आली.

असे प्रश्न आधी ठरवून ठेवता येत नाहीत, पण त्यांची जात ओळखता येते. गळतं कुठं, बाबा काय करतात, तेव्हा हातात काय होतं, वास कसला येत होता. जागा, वेळ, हात, वस्तू. 'तुला काय वाटलं?' हा प्रश्न मी शक्यतो टाळते. त्याचं उत्तर गाईडमधूनच येतं. 'मला अत्यानंद झाला.'

एका बैठकीत दोन गोष्टी. त्याहून जास्त नाही. दहा सांगितल्यात तर मूल दहाही विसरेल आणि तुम्ही फार हुशार आहात एवढंच लक्षात ठेवेल. कुठल्या दोन? आधी मजकूर आहे का, मग तो कुठल्या क्रमानं आलाय. वाक्यरचना पुढच्या खेपेला. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. शेवटची दहा-बारा मिनिटं मुलानं तिथंच बसून लिहायचं, आणि तुम्ही आत जाऊन चहा ठेवायचा. चहा पीत नसलात तर झाडांना पाणी घाला.

शुद्धलेखनाबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहावे लागतील, कारण तिथं आपला हात सर्वांत जास्त शिवशिवतो. चुका मोजू नका, चुकीचं घराणं शोधा. एका मुलाच्या पानावर मला सतरा चुका दिसल्या होत्या. नीट बघितलं तर त्यातल्या अकरा एकाच जातीच्या: 'फूलाला', 'गरीबाने', 'वकीलाकडे', 'मूलांना'. मराठी लेखनविषयक नियम १९६२ साली चौदा ठरले, १९७२ साली आणखी चार आले. त्यातला हा एकच नियम त्याला माहीत नव्हता. फूल, गरीब, वकील, मूल हे शब्द एकटे असताना शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: फुलाला, गरिबाने, वकिलाकडे, मुलांना. मी त्याला दोनच शब्द दाखवले, 'फूल' आणि 'फुलाला', आणि म्हटलं, "असे आणखी शोध." त्यानं नऊ शोधले. दोन राहिले, ते मी राहू दिले. त्या जागी मी अकरा गोल काढले असते तर त्यानं अकरा शब्द सुधारले असते आणि बाराव्यांदा 'मूलांना' लिहिलं असतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, हे त्याला पुढच्या शनिवारी 'शरीरात'पाशी अडखळल्यावर सांगितलं. आधीच सांगून ठेवायची गरज नव्हती.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक. आपल्याकडे येणारं मूल घरी संगमेश्वरी बोलतं, कुणी मिरकरवाड्यात, राजिवड्यात मुसलमानी कोकणी बोलतं, दापोलीकडचं वेगळं, राजापूरकडचं वेगळं. शाळेनं त्याला शिकवलेलं असतं की हे सगळं वहीच्या बाहेर ठेवायचं. एका मुलानं भातलावणीवर लिहिलं होतं, त्यात 'रोपांची लागवड', 'दगडी कुंपण', 'पायऱ्यांची वाट'. मी विचारलं, "घरी काय म्हणता?" तो चाचरत म्हणाला, "तरवा. गडगा. पाखाडी." तीन शब्द, आणि त्याचं गाव उभं राहिलं. हे शब्द अशुद्ध नाहीत, शब्दकोशातले आहेत, आणि नसते तरी चाललं असतं. माझा नियम साधा आहे: वस्तूचं नाव घरातलं राहू दे, कुणी बोलत असेल तर ते त्याच्या तोंडचं राहू दे, आणि बाकी निवेदन परीक्षेत चालेल अशा मराठीत. परीक्षकाला न कळणारा शब्द असेल तर वाक्यातच त्याचा अर्थ उलगडेल असं बघायचं. 'चिखलात तरवा लावायला आई वाकली' यात तरवा म्हणजे काय ते घाटावरच्या माणसालाही कळतं.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आधी तिथल्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास केला आणि मग १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. मला तो क्रम फार आवडतो. आपल्याला पीएच.डी. करायची नाही, पण मुलाच्या घरात वस्तूंना काय म्हणतात हे माहीत नसेल तर विचारायला हरकत नाही. मी मूळची घाटावरची. 'आवण' म्हणजे काय हे मला एका सातवीतल्या मुलीनं कागदावर चित्र काढून समजावलं होतं, आणि त्या दिवशी तिचं लेखन जेवढं पुढं गेलं तेवढं माझ्या कुठल्याही सूचनेनं गेलं नसेल.

हल्ली एक नवं दुखणं आलं आहे. मूल वही आणतं, अक्षर त्याचंच, पण मजकूर मोबाईलनं तयार करून दिलेला. ओळखू येतो: सगळे परिच्छेद एका मापाचे, प्रत्येक गोष्टीला तीन-तीन बाजू, आणि शेवटी मानवजातीला संदेश. पोलिसासारखं 'हे तू लिहिलंस का?' विचारू नका. मूल खोटं बोलेल आणि बैठक तिथंच संपेल. वही मिटायला सांगा आणि म्हणा, "आता न बघता मला सांग, काय काय लिहिलंय." जे सांगता येईल ते त्याचं. बहुधा दोन वाक्यं निघतात. त्या दोन वाक्यांपासून सुरुवात करा. गाईडमधून पाठ करणाऱ्या मुलाचंही हेच होतं, त्यामुळं मला हे दुखणं वाटतं तितकं नवं नाही. गाईड तरी विकत घ्यावं लागायचं.

सगळ्याच बैठका साधत नाहीत. एकदा एक मुलगा पंचेचाळीस मिनिटं 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलला. मी पातेली, जाळी, वास, सगळं विचारून थकले. शेवटी कळलं की त्याला घरून ढकलून पाठवलं होतं आणि त्याचं लक्ष सहाच्या एस.टी.कडे होतं. अशा वेळी लवकर सोडून द्यावं. आणि एखादं मूल लिहिता लिहिता असं काही सांगून जातं की ते ऐकायची तुमची तयारी नसते: घरातली मारहाण, कुणाचं तरी जाणं. तिथं निबंध बाजूला ठेवा. 'हे फार चांगलं लिहिता येईल' असं त्या क्षणी चुकूनही म्हणू नका. मी एकदा म्हटलंय. मुलाच्या विश्वासातलं मोठं माणूस कोण आहे ते विचारा, आणि लागलंच तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक तुम्हाला तोंडपाठ असू दे.

आठ-दहा बैठका झाल्या की शिकणं संपलं असं वाटायला लागतं. त्या वेळी कुणालातरी आपल्या शेजारी बसवा. आपलं आपल्याला दिसत नाही. मी एकदा मुलाची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊन फोनवर आवाज टिपून ठेवला आणि रात्री ऐकला. मी दर चार वाक्यांनी "म्हणजे तुला असं म्हणायचंय का..." म्हणत होते, आणि पुढं जे येत होतं ते त्याला म्हणायचं नव्हतंच. तो "हो" म्हणत होता, कारण मी मॅडम होते. तेव्हापासून तो प्रश्न मी बंद केला. पूर्ण बंद झालाय असं नाही.

बाई आता नाहीत. शनिवार आम्ही चौघं मिळून चालवतो, पडवी दुसऱ्याची आहे. गेल्या पावसात एक बी.एड.ची मुलगी माझ्याशेजारी तिरकी, मागं बसायला लागली. पान मधोमध दुमडलेलं, डावीकडे रेघा. बैठक संपल्यावर मी तिची वही मागितली. उजव्या बाजूला, खाली, बारीक अक्षरात होतं: 'मॅडमनी तीन वेळा पेनाचं टोपण काढलं. दोनदा परत लावलं.'

"आणि तिसऱ्यांदा?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा तुम्ही माझ्याकडे बघितलंत," ती म्हणाली, "आणि पेन मला दिलंत, मॅडम. अजून माझ्याकडेच आहे."